क्लच नवा टाकला, आता पेडल खालीच राहतंय (पोर्शे बॉक्सस्टर ९८६)

डोंगरउतार

गाडी : बॉक्सस्टर ९८६, २००१ सालची, २.७ लिटर, पाच गिअरची मॅन्युअल. मुक्काम श्टुटगार्टजवळ. (बोनेटवरच्या चिन्हात श्टुटगार्ट लिहिलंय खरं, पण चॅसी नंबरातलं अकरावं अक्षर 'यू' आहे, म्हणजे बाईसाहेबांचं माहेर फिनलंडमधलं उसिकाउपुंकी. त्या काळात बऱ्याच बॉक्सस्टर तिकडे वालमेटच्या कारखान्यात बनायच्या.)

क्लच स्लिप मारायला लागला होता. चौथ्या-पाचव्यात जोर दिला की आरपीएम चढायचे आणि वेग होता तिथेच. ओळखीतून कळलेल्या एका छोट्या गॅरेजला काम दिलं. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा अख्खा संच नवा टाकला. गिअरबॉक्स उतरलेलाच आहे तर क्रँकशाफ्टचा मागचा सील आणि ते कुप्रसिद्ध आयएमएस बेअरिंगही (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं) बदलून घेतलं.

गाडी घरी आली आणि नवं दुखणं सुरू झालं.

सकाळी गाडी थंड असताना पेडल वर येतं, पण मऊ लागतं. क्लच अगदी तळाशी पकडतो, पूर्वी मधे कुठेतरी पकडायचा. गर्दीत अर्धा तास चालवली की पेडल पूर्ण दाबल्यावर खालीच बसतं. बुटाचं टोक खाली घालून थोडं उचललं की तिथून पुढे आपणहून वर येतं. अर्धवट दाबून सोडलं तर मात्र नीट येतं, तळाला टेकवलं तरच रुसतं. रिव्हर्स टाकताना करकर आवाज.

परवा नॉये वाइनश्टाइगेच्या चढावर सिग्नलला पेडल खाली बसलं. मागे बस, पुढे बस. ज्यांनी तो रस्ता पाहिलाय त्यांना कल्पना येईल.

गॅरेजवाला म्हणतो, "गिअरबॉक्स परत उतरवून बघावा लागेल." म्हणजे तीच मजुरी पुन्हा. क्लचच्या बिलात मजुरीच निम्म्याहून जास्त होती. स्लेव्ह सिलेंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) जुनाच ठेवलाय, 'ठीक दिसला म्हणून'. क्लचच्या ऑइलमधली हवा काढली असं सांगतात.

मी सॉफ्टवेअरवाला. पण पाने आहेत, हौस आहे, आणि इथे तासाच्या भाड्याने लिफ्ट मिळते. गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणू का, की त्याआधी बघण्यासारखं काही आहे?

निव्वळ_वाचक

वाचायची खूण म्हणून.

खडूस_पुणेकर

इतक्या जुन्या दोन सीटच्या गाडीवर क्लच, बेअरिंग, सील. आता परत गिअरबॉक्स. तेवढ्यात एक बरी गाडी आली असती, मागे सासूबाईही बसल्या असत्या.

डोंगरउतार

@खडूस_पुणेकर, सासूबाई मागे बसू शकत नाहीत हा या गाडीचा दोष आहे असं तुम्हाला का वाटलं?

पाना_तेरा

दादा, एकच विचारतो. लोअर, म्हणजे तो स्लेव्ह सिलेंडर, का नाही बदलला?

मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो. पोर्शेला आयुष्यात पाना लावलेला नाही, खोटं कशाला सांगू. पण हायड्रॉलिक क्लचच्या जीपा, टेम्पो रोज उघडतो आणि हे लक्षण रोज बघतो. गिऱ्हाईक म्हणतं फक्त प्लेट टाका. प्लेट टाकली, गाडी दिली, आठवड्यात गिऱ्हाईक परत. पेडल बसतंय. लोअरचा रबरी बूट मागे सारला की आतून ऑइल टपकतं.

कारण सांगतो. प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटची बोटं बेअरिंगला मागे ढकलत राहतात, आणि त्याबरोबर लोअरचा पिस्टन सिलेंडरात आत आत सरकतो. वर्षानुवर्षं पिस्टनचा रबरी वॉशर तेवढ्याच आतल्या पट्ट्यात घासत असतो. बाहेरच्या तोंडाकडचा पट्टा तसाच पडून राहतो, त्यावर गंज, चिखल, वाळलेलं ऑइल. नवी जाड प्लेट बसली की बोटं पुन्हा इंजिनाकडे जातात आणि पिस्टन येतो बाहेर, नेमका त्या घाण पट्ट्यावर. जुना कडक झालेला वॉशर तिथं किती टिकणार? जुन्या क्लचबरोबर लोअर ठीकच चालत होता, गॅरेजवाला त्यात खोटं बोललेला नाही.

गिअरबॉक्स उतरवू नका. आधी बूट मागे सारून बघा.

द्रवगतिकी

@पाना_तेरा यांनी कारण इतकं नेमकं सांगितलंय की मी आता फक्त पेडलबद्दल बोलते. (मी हायड्रॉलिक्समध्ये काम करते, पुण्यात. गाड्यांचं नाही, प्रेसचं.)

बऱ्याच जणांना वाटतं, पेडलला खाली स्प्रिंग असते आणि ती ते वर आणते. या गाडीत पेडलला स्प्रिंग आहे, पण ती उलट कामासाठी आहे. क्लच जड असतो म्हणून पायाला मदत करायला 'ओव्हर सेंटर' स्प्रिंग बसवलेली असते. पेडल वर असताना ती वर ढकलते, मध्यबिंदू ओलांडला की खाली ढकलते. म्हणजे तळाला गेलेलं पेडल ती खालीच धरून ठेवायला बघते. तिच्यावर मात करून पेडल वर आणतो तो प्रेशर प्लेटचा डायफ्रॅम (वर सांगितलेली बोटं असलेली चकती). त्याचा जोर बेअरिंग, फोर्क, स्लेव्ह, नळी, मास्टर (पेडलला जोडलेला सिलेंडर) अशा वाटेने पायापर्यंत येतो.

त्या वाटेवर हवा असेल किंवा ऑइल कमी असेल तर पेडल तळाला गेलं तरी डायफ्रॅम पूर्ण दाबलाच जात नाही. मग परत येणारा जोरही अपुरा. स्प्रिंग जिंकते, पेडल खाली राहतं. तुम्ही बुटाने मध्यबिंदूच्या वर आणून देता, तिथून तीच स्प्रिंग ते वर नेते. 'अर्धवट दाबलं तर येतं, तळाला टेकवलं तर नाही' याचा उलगडा यात आहे. क्लच तळाशी पकडणं आणि रिव्हर्सची करकर ही त्याच अपुऱ्या दाबाची भावंडं.

गरम झाल्यावर का वाढतं? अडकलेली हवा तापून फुगते, आणि जुन्या ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरलेलं असतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळायला हवं, पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५ वर येते. तुमच्या गाडीत गिअरबॉक्सच्या शेजारीच एक्झॉस्ट आहे.

आता चाचण्या, गाडी न उघडता :

इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून. क्लच एकदाच पूर्ण दाबा, दोन-तीन सेकंद थांबा, रिव्हर्स टाका. करकर झाली तर न्यूट्रलवर या, पेडल पटपट चार-पाचदा पंप करा, दाबून धरा, पुन्हा रिव्हर्स टाका. आता गुपचूप पडला तर दोष हायड्रॉलिकमध्ये. दर पंपाला मास्टर टाकीतून थोडं जास्त ऑइल ओढून पुढे ढकलतो, तेवढ्यापुरती हवेची भरपाई होते. फोर्क वाकलेला किंवा प्लेट चुकीची बसलेली असेल तर पंप करून काडीचा फरक पडणार नाही.

दुसरी : पंप करून पेडल कडक झाल्यावर तसंच दाबून धरा. क्लचची पकड हळूहळू परत यायला लागली, म्हणजे गाडी गिअरमध्ये पुढे सरकू बघायला लागली, तर दाब कुठूनतरी निसटतोय. टाकीतली पातळी उतरत असेल तर बाहेर गळती. उतरत नसेल तर मास्टरचा आतला सील ऑइलला मागे टाकीत जाऊ देतोय.

तिसरी : पेडलच्या वर, जिथे मास्टरचा दांडा फायरवॉलमधून आत येतो, तिथे बोट फिरवा. खालचा गालिचाही चाचपा. ओलं लागलं तर मास्टर.

आणि एक कळकळीने. तुमच्या गाडीत क्लच आणि ब्रेकला ऑइलची टाकी एकच आहे. क्लचची नळी टाकीत वरच्या बाजूने निघते, म्हणजे क्लचची गळती पूर्ण टाकी रिकामी करू नये अशी सोय असते. तरी पातळी बघितल्याशिवाय हायवेला जाऊ नका. पेडल पायाने ओढून वर आणणंही कमी करा. हे सील एका दिशेचा दाब धरायला बनवलेले असतात, मागे जोराने ओढलं तर ओठाखालून हवा आत येऊ शकते.

मिडलँड्स_मावशी

आमच्या माझदा एमएक्स-५ ला हेच झालं होतं. हिची गंमत अशी की क्लचची टाकी वेगळी आणि इवलीशी, त्यामुळे गळती लगेच कळते. स्लेव्ह बाहेरून दोन बोल्टवर. इकडच्या एमएक्स-५ वाल्यांत क्लच पेडलची तक्रार सांगितली की पुढचा माणूस 'स्लेव्ह' म्हणून मोकळा होतो, गाडी बघतही नाही.

टॉर्कराव

हायड्रॉलिक, हायड्रॉलिक काय लावलंय. काम झाल्यावर दोष आला म्हणजे कामातच दोष. क्लच प्लेट उलटी बसवली असणार. या प्लेटांवर 'गेट्रीबझाइटं' असं छापलेलं असतं, म्हणजे गिअरबॉक्सकडची बाजू. तरी लोक उलटी बसवतात. नाहीतर फोर्क पिव्होटवरून उतरलाय. गॅरेजवाला बरोबर सांगतोय, गिअरबॉक्स उतरवा.

पाना_तेरा

प्लेट उलटी असती तर क्लच सुटलाच नसता राव. हबचा फुगवटा फ्लायव्हीलच्या बोल्टांना लागतो, गाडी गॅरेजच्या दारातून बाहेर नाही पडत. ह्यांची गाडी श्टुटगार्टचा घाट चढून आली.

टॉर्कराव

@पाना_तेरा, आपण पोर्शेला हात लावला नाही असं आपणच लिहिलंय.

पाना_तेरा

नाही लावला. ऑइल तेच आणि वॉशर रबराचाच.

द्रवगतिकी

@टॉर्कराव, तुमच्या शंकेतली एक गोष्ट मात्र बघायलाच हवी. या गाडीत स्लेव्ह बाहेरून बसतो आणि त्याचा दांडा घंटीच्या (क्लचवरच्या कवचाच्या) भोकातून आत, न दिसणाऱ्या फोर्कच्या खोबणीत टेकवावा लागतो. दांडा खोबणीऐवजी बाजूला टेकला तर असलेच विचित्र प्रकार होतात. पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही, स्लेव्ह काढला की कळतं.

निव्वळ_वाचक

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे तरी वाचतोय.

डोंगरउतार

अपडेट.

रिव्हर्सची चाचणी केली. एकदाच दाबून करकर. पंप करून लोण्यासारखा पडला. गॅरेजवाल्याला फोन केला, तो म्हणाला हे करून बघितलं नव्हतं.

आत गालिचा कोरडा, मास्टरचा दांडा कोरडा. पुढच्या डिकीतली टाकी मात्र कमाल खुणेच्या बरीच खाली. गाडी आणली तेव्हा काठोकाठ होती, मी फोटो काढला होता (सवय).

आज लिफ्टवर घेतली. खालचं कव्हर काढून बॅटरी मारली तर स्लेव्हच्या खाली घंटीवर काळपट ओला ओघळ. बूट स्क्रू ड्रायव्हरने थोडा सारला आणि चहाचा चमचा भरेल एवढं काळं पाणी हातावर.

@पाना_तेरा, कोल्हापुरात बसून.

पाना_तेरा

😀 आता नवा टाकताना नळी सैल करायच्या आधी आजूबाजूला कापड भरा. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर पाण्याने धुवा, पुसून भागत नाही.

बूट सारल्यावर एखादा थेंब दिसला तरी तो सिलेंडर गेला समजा, चमचाभर तर लांबच. आणि किट टाकू नका, नवा अख्खा घ्या. आत गंजाचे खड्डे पडले असतील तर नवीन वॉशर पण तिथंच फाटतो.

खडूस_पुणेकर

म्हणजे गिअरबॉक्स उतरलेला असताना हा सिलेंडर दोन बोल्टवर समोर लटकत होता आणि बदलला नाही. आणि तो उतरवायचे पैसे पुन्हा मागत होते. वा.

डोंगरउतार

त्यांची बाजूही सांगतो. अंदाजपत्रकात मीच 'लागेल तेवढंच बदला' लिहून घेतलं होतं. स्लेव्ह बाहेरून कोरडा होता तेव्हा.

ह्यूस्टनकर

उशिरा आलो, पण या विषयावर मी गप्प बसू शकत नाही. माझ्याकडे कॉर्वेट सी५ आहे. या गाड्यांचं क्लच पेडल बदनाम आहे. जोरात, वरच्या आरपीएमला गिअर बदलायला गेलं की पेडल जमिनीला चिकटतं आणि काही क्षणांनी सावकाश वर येतं.

तुम्ही सुखी आहात, तुमचा स्लेव्ह बाहेर आहे. आमचा इनपुट शाफ्टच्या भोवती, घंटीच्या आत. वर सी५ मध्ये इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ, मधे टॉर्क ट्यूब. क्लच इंजिनापाशी. म्हणजे त्या सिलेंडरपर्यंत जायला मागची सगळी वरात खाली उतरवायची. हवा काढायचा निप्पलही आतच. म्हणून क्लच टाकताना लोक स्लेव्ह नवा घालतातच आणि निप्पलला लांब नळी जोडून ती वर इंजिनापाशी आणून ठेवतात. हा एक भाग माझ्या आयुष्यातला सर्वात शहाणा खर्च आहे.

आणि ऑइल बघत जा. क्लचच्या धुळीने ते काळं होतं. ब्रेकचं ऑइल बदललं की काम झालं असं लोक समजतात, पण क्लचच्या शाखेतलं जुनं ऑइल तसंच राहतं, तिकडून वाहतच नाही ना. निप्पल उघडल्याशिवाय ते निघत नाही.

म्हापशेकर

विषय स्पोर्ट्सकारचा निघालाच आहे तर आमच्या गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मची आठवण काढून ठेवतो. नव्वदीच्या शेवटी आलेली, फायबरग्लासची बॉडी, रेनोचं छोटं इंजिन, उघडं छप्पर. पावसाळ्यात त्या छपराचं काय करायचं हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. एक अजून अधूनमधून रस्त्यावर दिसते, दिसली की मी गाडी कडेला घेतो.

खडूस_पुणेकर

हे मात्र आवडलं. फोटो टाका.

डोंगरउतार

दुसरा अपडेट, आणि अर्धी तक्रार.

नवा स्लेव्ह बसवला. लिहायला तीन शब्द, करायला अख्खी संध्याकाळ. जागा अशी की एकच हात जातो, आणि जातो तिथून दिसत काही नाही. आतली स्प्रिंग दांडा बाहेर ढकलते, त्यामुळे सिलेंडर जागेवर दाबून धरायचा, त्याच वेळी बोल्टचं पहिलं आटं पकडायचं. शेवटी शेजारच्या लिफ्टवरच्या एका आजोबांनी तोडगा काढला : एका बाजूला लांब बोल्ट घालून त्याने सिलेंडर ओढून आणला, दुसरा मूळ बोल्ट लावला, मग लांब काढून तिथेही मूळ. बोल्ट आधी हाताने फिरायला हवा, ही घंटी ॲल्युमिनियमची आहे, आटे गेले तर रडत बसायला लागतं. दांडा खोबणीत बसल्याचं जाणवतं, एक ठरावीक प्रतिकार येतो.

मग बायकोला पेडलवर बसवून हवा काढली. दाब, धर, सोड. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत केलं. करकर गेली. क्लच आता मधे पकडतो. पण पेडल अजून शेवटच्या बोटभर अंतरात आळस करतं. खाली राहत नाही, पण क्षणभर विचार करून मग उठतं. गरम असताना जास्त.

इथे एका मित्राचं म्हणणं, ती मदतीची स्प्रिंगच काढून टाक, पेडल धाडकन वर येईल.

द्रवगतिकी

स्प्रिंगला हात लावू नका. काढली की पेडल वर येईल, बरोबर आहे. मास्टरमध्ये हवा असताना पण येईल. म्हणजे तुम्हाला दोष सांगणारं एकमेव लक्षण तुम्ही घालवून बसाल आणि गर्दीत जड पेडल दाबत गुडघा दुखेल ते वेगळंच. शिवाय ती काढताना दाबलेली असते, बांधून न घेता सोडवली तर बोटं फोडते.

तुमच्या उरलेल्या आळसाचं कारण बहुतेक हवाच. गाडीचा नकाशा बघा. मास्टर पुढे पायाशी, स्लेव्ह पार मागे गिअरबॉक्सवर. नळी अख्ख्या गाडीखालून जाते. पेडलच्या एका दाबात मास्टरमधून निघणारं ऑइल थोडं, नळी लांब. बुडबुडा एका दाबात पुढे सरकतो आणि सोडल्यावर मागे येतो, सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबावा तसा नुसता आत-बाहेर. बायकोचा पाय दुखतो, बुडबुडा तिथेच.

दोन उपाय.

टाकीवर दाबाचा पंप लावा, एक ते दीड बार पुरे. स्लेव्हचा निप्पल उघडा आणि ऑइल सलग वाहू द्या, पेडल न हलवता. मग निप्पल उघडाच ठेवून पेडल अगदी सावकाश पूर्ण खाली-वर करा. पंपाचा दाब चालू असला की पेडल वर येताना मागे हवा ओढली जात नाही. टाकीत ऑइल संपू देऊ नका, नाहीतर ब्रेकमध्येही हवा जाईल आणि मग चार चाकांचं काम वाढलं.

तरी राहिलं तर स्लेव्हचे बोल्ट काढा, नळी तशीच राहू द्या. सिलेंडर असा धरा की निप्पल सर्वात उंच असेल. दांडा हळूहळू पूर्ण आत दाबा. आतलं ऑइल उलट्या दिशेने टाकीकडे जातं आणि मधल्या उंचवट्यांवर अडकलेली हवा बरोबर घेऊन जातं. टाकी आधी थोडी रिकामी करून ठेवा, नाहीतर वरून सांडेल. दांडा आत दाबलेला असतानाच निप्पलमधून पुन्हा दाबाने ऑइल काढा. पिस्टन आत असला की सिलेंडरात हवेला लपायला जागाच कमी उरते.

स्लेव्ह मोकळा असताना कुणालाही पेडलजवळ जाऊ देऊ नका. एक पाय पडला की पिस्टन बाहेर उडतो.

टॉर्कराव

मास्टर पण बदलून टाका एकदाचा. जुना तो जुनाच.

पाना_तेरा

ह्यात थोडं तथ्य आहे बरं का. मास्टरमध्ये पण तीच गोष्ट. रोज पेडल जेवढं जातं तेवढाच पट्टा गुळगुळीत. हवा काढताना आपण पेडल पार तळाला मारतो, वॉशर नव्या पट्ट्यावर जातो आणि फाटतो. म्हणून जुन्या मास्टरला हवा काढताना पेडलखाली लाकडाची फळी टाका. पण दाबून धरल्यावर पेडल बसत नसेल तर आत्ताच कशाला बदलायचा? तुमचं दाबून धरलं तर बसतं का?

डोंगरउतार

नाही. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये, बराच वेळ धरून पाहिलं. गाडी जागची हलली नाही.

पाना_तेरा

मग मास्टर चांगला. हवाच.

ह्यूस्टनकर

+१. आणि दाबाचा पंप घ्याच. बायका सुखी राहतात.

मिडलँड्स_मावशी

पेडल आम्ही दाबतो आणि पानाही आम्हीच फिरवतो, ह्यूस्टनकर. आमच्या घरी नवरा पेडलवर असतो.

ह्यूस्टनकर

माघार घेतो.

डोंगरउतार

तिसरा अपडेट.

पंप लावून आधी साधी पद्धत केली. निघालेलं ऑइल सुरुवातीला चहाच्या रंगाचं, मग स्वच्छ, आणि सगळं संपलं असं वाटल्यावर पेडल सावकाश खाली-वर केलं तेव्हा बारीक फेसाचा एक लोट आला. तो कुठे दबा धरून होता देव जाणे. मग स्लेव्ह सोडून दांडा आत दाबायचाही कार्यक्रम केला. दाबताना टाकीकडे कान देऊन बसलेला मित्र म्हणाला, 'गुडगुड झालं'.

काम संपल्यावर पेडल तळालाच पडून होतं, तेव्हा पोटात गोळा आला. हाताने वर घेतलं, काही वेळ पंप केलं, आणि दाब आला. तेव्हापासून ठीक आहे. गरम, थंड, बोगद्यातली गर्दी, सगळीकडे. पाय काढला की पेडल पायाच्या मागेच येतं. रिव्हर्स आवाज न करता.

गॅरेजवाल्याला सगळं दाखवलं, फोटोसकट. त्याने हवा काढण्याचे लावलेले पैसे परत दिले आणि यापुढे या गाड्यांना क्लचबरोबर स्लेव्ह घालायचं अंदाजपत्रकातच लिहीन म्हणाला. मला एवढं पुरे.

निव्वळ_वाचक

पुढील लेखनाला शुभेच्छा. पुढची गाडी कधी बिघडतेय?

टॉर्कराव

आयएमएस बेअरिंग काढलेलं हातात मिळालं का? त्याची अवस्था कशी होती? अमेरिकेत त्यावर सामूहिक दावा झाला होता आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. मला त्यातच जास्त रस आहे.

डोंगरउतार

मिळालं, कपाटात ठेवलंय. फिरवल्यावर थोडी खरखर लागते, बाकी धड आहे. त्याचा वेगळा धागा काढतो, इथे नको.

म्हापशेकर

एक शंका. माझ्याकडे एक जुनी ब्रिटिश रोडस्टर येऊ घातलीय, गाडी कित्येक वर्षं शेडमध्ये उभी. क्लच हायड्रॉलिक आहे. इथल्या दमट हवेत ब्रेक ऑइल पाणी पितं, म्हणून एक जण म्हणतो सिलिकॉनचं डॉट ५ भर, ते पाणी शोषत नाही. भरू का?

द्रवगतिकी

जुनं ऑइल तसंच ठेवून वरून मुळीच नाही. डॉट ३, ४ आणि ५.१ एका घराण्यातले, ग्लायकॉलवाले. डॉट ५ वेगळं, त्यांच्यात मिसळत नाही. भरायचंच असेल तर सगळे सील नवे, नळ्या धुऊन कोरड्या. आणि ते पाणी शोषत नाही म्हणजे आत गेलेलं पाणी सुटं राहतं, सर्वात खालच्या जागी साचतं आणि तिथेच गंज चढवतं. क्लचमध्ये ती खालची जागा म्हणजे स्लेव्ह, त्याचं काय होतं ते वर वाचलंच असेल. शिवाय डॉट ५ मध्ये बारीक बुडबुडे अडकून राहतात, हवा काढणं आणखी कटकटीचं.

गोव्यात मी साधं डॉट ४ भरून दर पावसाळ्यानंतर बदललं असतं. रबरी नळी मात्र आधी बदला. इतकी वर्षं उभ्या गाडीत ती आतून फुगलेली असते. तसं असेल तर तुम्हाला वेगळंच लक्षण दिसेल : पेडल झटकन वर येईल पण क्लच सावकाश पकडेल, कारण मास्टर टाकीतून नवं ऑइल घेतो आणि पुढे गेलेलं मागे यायला वाट नसते. तेव्हा पेडलकडे बघत बसू नका.

म्हापशेकर

देव बरें करूं. नळीचं माप काढून पाना_तेरांना व्यक्तिगत निरोप पाठवला तर चालेल ना?

पाना_तेरा

पाठवा. दोन्ही टोकांच्या आट्यांचा फोटो पण टाका, जुन्या ब्रिटिश गाडीत आटे इंची असतात. आमच्याकडे उद्यमनगरात पाहिजे तशी करून मिळते, पण मोघम सांगून नाही.